चाकांवरचे घर आणि मुंग्यांचा किनारा

कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात ब्युएना पार्क येथे आणि उत्तरेस मिलपिटास येथे जैन समाजाची मोठी मंदिरे आहेत. मिलपिटासच्या मंदिराची प्रतिष्ठा २००० साली झाली व तेथे श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन्ही परंपरांच्या प्रतिमा एकाच छताखाली विराजमान आहेत. या दोन गावांमधील अंतर सुमारे ६०० किलोमीटर. घाई असलेला मनुष्य आतल्या बाजूच्या महामार्गाने एका दिवसात ते कापतो. परंतु मुलाकडे वा मुलीकडे आलेले आईवडील, नातवंडे आणि हाताशी आठवडाभराची सवड असेल, तर पुष्कळ कुटुंबे पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने जाणारा लांबचा रस्ता पसंत करतात. आणि त्यासाठी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेतात.

जैन कुटुंबाला हे वाहन सोयीचे वाटण्याचे कारण उघड आहे. त्यात शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, झोपण्याची जागा असे सर्व असते. कांदा-लसूण नसलेले जेवण कोठे मिळेल याची चिंता उरत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असेल, तर वाटेत गाडी थांबवून खिचडी टाकता येते. पाणी गाळून घेता येते. घराचे नियम घराबरोबरच प्रवास करतात.

व्हेंचुराच्या लिंबांच्या बागा मागे पडतात, सांता बार्बराचे डोंगर समुद्राशी येऊन भिडतात. पिस्मो बीच येथे नीलगिरीच्या राईत हिवाळ्यात मोनार्क फुलपाखरांचे थवे विसाव्याला उतरतात. पुढे मोरो बे येथे ५७६ फूट उंचीचा ज्वालामुखीजन्य खडक पाण्यातून सरळ वर उभा आहे, आणि सॅन सिमिऑनजवळच्या वाळूत अजस्र हत्तीसील निवांत लोळत असतात. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून धुके येते व दुपारी विरते. मुक्कामाच्या जागी आखून दिलेल्या चौकोनात गाडी उभी करायची, खांबावरून वीज घ्यायची, नळाला पाण्याची नळी जोडायची, आणि लाटांचा आवाज ऐकत झोपी जायचे.

आणि सकाळी उठून पाहावे तो ओट्यावर, साखरेच्या डब्यापासून खिडकीच्या कडेपर्यंत, तपकिरी रंगाची एक बारीक, सलग, हलती रेघ.

ही रेघ या किनाऱ्यावर जवळजवळ सर्वत्र भेटते, आणि तिला इतिहास आहे. ती काढणारी मुंगी मूळची येथली नव्हे. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पराना नदीचे खोरे. म्हणून तिला अर्जेंटिनी मुंगी म्हणतात. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स बंदरात तिची अमेरिकेतील पहिली नोंद झाली. दक्षिणेकडून माल घेऊन येणाऱ्या जहाजांतून ती उतरली असावी, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कॅलिफोर्नियात पोहोचलेली होती. व्यापारी कुटुंबांना हे सहज पटेल. माल जेथे जातो तेथे मालाबरोबर न मोजलेले, न नोंदलेले असे बरेच काही जाते. बिलात त्याचा उल्लेख नसतो. परंतु पोहोच मात्र होते.

ज्या खोऱ्यातून ती आली तेथे नद्यांना वारंवार पूर येतात. त्यामुळे घरटे उचलून दुसरीकडे नेणे हा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. कुंडीतील माती, लाकडाचा ढीग, विजेच्या खांबाची पेटी, उभ्या गाडीचा पोकळ भाग, काहीही तिला पुरते. एका वसाहतीत एकच राणी असते हा सर्वसाधारण समजही येथे लागू पडत नाही. या मुंगीच्या घरट्यात अनेक राण्या असतात. बहुतेक मुंग्यांच्या जातींमध्ये शेजारच्या दोन वारुळांत वैर असते. कॅलिफोर्नियात मात्र सॅन दिएगोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्याही उत्तरेपर्यंत, सुमारे ९०० किलोमीटरच्या पट्ट्यात, या मुंगीची एकच महावसाहत पसरलेली आहे. तिच्या एका टोकाची मुंगी दुसऱ्या टोकाला नेऊन सोडली, तरी तेथल्या मुंग्या तिला आपलीच समजतात. म्हणजे ब्युएना पार्कहून मिलपिटासला जाणारा प्रवासी या सबंध मार्गात एकाच विराट कुटुंबाच्या अंगणातून जात असतो.

येथेच पहिला व्यवहारी धडा आहे. ओट्यावरच्या दोनशे मुंग्यांवर फवारा मारला, तर दोनशे मुंग्या मरतात. मागे उभ्या असलेल्या असंख्य मुंग्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या परिसरातील घरांचा अभ्यास करून २००१ साली तो प्रसिद्ध केला. मुंग्या घरात शिरणे हे मुख्यतः हवामानावर अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले. हिवाळ्यातील गार पावसात त्यांची उथळ घरटी भिजतात म्हणून त्या सर्वाधिक येतात, आणि कडक कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात पुन्हा येतात. थोडक्यात, एकदा कोरडे छप्पर हवे असते आणि एकदा घोटभर पाणी. असा जीव चोर ठरत नाही. तो आडोशाला आलेला असतो. त्याला मारून प्रश्न सुटत नाही, हे अहिंसेच्या आग्रहाने जितके सांगता येते तितकेच हिशेबानेही सांगता येते.

मग उरतो तो दुसरा मार्ग: येऊच न देणे. उभी असलेली गाडी जमिनीला मोजक्याच ठिकाणी टेकते. चाके, गाडी समतल ठेवणारे लोखंडी पाय, चढण्याची पायरी, विजेची जाड तार, पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी. एखादी फांदी छताला टेकत असेल तर ती सातवी वाट. एवढ्याच वाटा. बंगल्याला शेकडो फटी असतात. या घराला मोजून सहा-सात दारे आहेत, आणि सावध कुटुंब ती सर्व ओळखू शकते.

त्यासाठी पहिली अर्धी घटका महत्त्वाची. गाडी लावण्यापूर्वी एकाने खाली उतरून बॅटरीच्या उजेडात जागा पाहावी. कचरापेटीच्या शेजारची आणि लिंबूवर्गीय झाडाखालची जागा टाळावी. झाडावरील मावा कीटक गोड रस स्रवतात, व त्यासाठी या मुंग्या त्यांची राखण करीत तेथे तळ ठोकून असतात. विजेच्या खांबाचे झाकण उघडताना आत घरटे नाही ना, हे पाहावे. नळाच्या बुंध्याशी रेघ दिसली तर जागा बदलून मागावी. मुक्कामाच्या व्यवस्थापकांना अशी विनंती नवीन नसते. तार आणि नळी जमिनीवर लोळत ठेवण्याऐवजी शक्य तेवढी उचलून बांधावी. चाके व पाय यांच्याभोवती, तसेच तारेवर, शंखजिऱ्याच्या साध्या पावडरीचा जाडसर पट्टा द्यावा. या भुकटीवर मुंगीचे पाय ठरत नाहीत, ती वळून जाते. धुक्याने वा पावसाने पट्टा ओला झाला की तो निरुपयोगी होतो, म्हणून रोज सकाळी नवा द्यावा लागतो. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. परंतु साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते व पडलेली मुंगी बुडते, हे ध्यानात घेता कोरडा पट्टा अधिक बरा.

आतल्या बाजूस स्वयंपाकघराची शिस्त. साखर, गूळ, चिक्की, सुका मेवा, फरसाण, खाकरे हे सर्व घट्ट झाकणाच्या डब्यांत. मधल्या वेळचे खाणे मुलांनी अंथरुणावर न्यायचे नाही. मोरीची जाळी आणि ओटा कोरडा पुसायचा, कारण उन्हाळ्यात पाण्याचा थेंब साखरेच्या दाण्याइतकाच मोलाचा असतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम येथे अनायासे उपयोगी पडतो. उजेडातच भांडी घासली जातात, सांडलेले दिसते, आणि रात्रीच्या वेळी स्वयंपाकघरात बोलावणारा वास उरत नाही.

एवढे करूनही रेघ आत आलीच, तर घाईने फडके मारू नये. जैन परंपरा मुंगीची गणना त्रीन्द्रिय जीवांत करते: स्पर्श, रस आणि घ्राण. या मुंगीचा सारा व्यवहार खरोखरच घ्राणावर चालतो. पुढे गेलेली मुंगी मागे गंधाची वाट आखते व मागच्या त्या वाटेने येतात. ती वाट प्रथमच पुसली, तर आत आलेल्या सर्व वाट चुकून घरभर पांगतात आणि पायाखाली येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. रेघ कोठून येते आणि कोठे जाते, हे आधी शांतपणे पाहावे. ज्या पदार्थासाठी त्या आल्या, तो मुंग्यांसकट उचलून बाहेर, त्या जेथून चढल्या तेथेच ठेवावा. आत काही उरले नाही की येणाऱ्यांची संख्या घटत जाते. तासा-दोन तासांत रेघ विरळ होते. मागे राहिलेल्यांना मऊ पुंजणीने अलगद कागदावर घेऊन बाहेर सोडावे. ओटा निर्जीव झाल्याची खात्री झाल्यावरच साबणाच्या पाण्याने वाट पुसावी, आणि ज्या फटीतून त्या आल्या ती बुजवावी. पायरीखाली आणि नळ्या आत येतात त्या छिद्रांपाशी बहुधा ती सापडते. बाहेर ठेवलेला पदार्थ मागाहून आठवणीने उचलून कचरापेटीत टाकावा.

दुकानांत मिळणाऱ्या दोन वस्तूंविषयी सावध असणे भाग आहे, कारण दोन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. एक डायटोमाइट माती: पीठासारखी पांढरी, माणसाला फारशी अपायकारक नसलेली. ती मुंगीच्या अंगावरील मेणाचा थर खरवडते व मुंगी सुकून मरते. दुसरी साखरपाण्यात कालवलेल्या टाकणखाराची. मुंगी तो गोड घास स्वतः न संपवता घरट्यात नेते, राण्यांना आणि पिलांना भरवते, आणि सबंध घरटे संपते. फवाऱ्याची हिंसा निदान डोळ्यांना दिसते. येथे ती नजरेआड होते, एवढाच फरक. वेष्टनावरील शब्द वाचून व्रताचा निर्णय होत नाही. वस्तू काय करते, हे विचारावे लागते.

याच्या उलट टोकाची चूकही संभवते. कीडीनगऱ्यास पीठ-साखर घालण्याची रीत मारवाडी घरांत जुनी आहे, व तिच्यामागचा भाव थोर आहे. या किनाऱ्यावर मात्र ती दया उलटी फळते. अर्जेंटिनी मुंगीने जेथे जेथे पाय रोवले, तेथून स्थानिक मुंग्यांच्या अनेक जाती हटल्या. तेथील शिंगाळ सरडा मुख्यतः स्थानिक मुंग्यांवर जगतो. नव्या मुंग्यांवर त्याचे नीट पोषण होत नाही, व त्याची संख्या घटण्यामागे हे एक कारण आहे. बलिष्ठाला दिलेला घास दुर्बलाच्या तोंडचा असू शकतो. शिवाय उघड्यावर अन्न टाकण्यास तेथील उद्यानांत मनाई असते.

म्हणूनच निघण्याच्या दिवसाची तपासणी येण्याच्या दिवसाइतकीच आवश्यक. गाडीत राहिलेल्या मुंग्यांना ‘पुढच्या मुक्कामी सोडू’ असे म्हणणे कनवाळू वाटते. पण राणीसह स्थलांतर करणाऱ्या या जातीची एक छोटी तुकडी दूरच्या, अजून मोकळ्या रानात पोहोचली, तर तेथील कित्येक जीवांवर ते संकट ठरते. जेथे आत आल्या तेथेच उतरवाव्यात. आदल्या संध्याकाळी तार, नळ्या, पायरी, सामानाचे खालचे कप्पे पाहावेत. निघताना नळ्या झटकून गुंडाळाव्यात. ऑरेंज परगण्यात, ज्यात ब्युएना पार्क येते, १९९८ सालापासून तांबड्या दाहक मुंग्यांचाही आढळ आहे. त्यांच्या मातीच्या सैल उंचवट्यावर पाय पडला तर त्या शेकड्यांनी चढून डसतात. त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवावे व उंचवट्याला हात न लावता जागाच सोडावी.

यतना हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. घरी तो पाण्याच्या गाळण्यात आणि धान्य निवडण्यात दिसतो. परदेशातील अनोळखी किनाऱ्यावर तो अर्धा तास आधी उतरून बॅटरी फिरवण्यात, ओट्यासमोर तासभर थांबण्यात आणि निघताना गाडीखाली वाकून पाहण्यात दिसतो. यांत खर्च जवळजवळ नाही; वेळ मात्र द्यावा लागतो. सहा मुक्कामांच्या प्रवासात तो वेळ देणारे कुटुंब मिलपिटासच्या मंदिराच्या पायऱ्या चढते, तेव्हा मागे सोडलेल्या जागा जशा होत्या तशाच राहिलेल्या असतात.