कार्डात कोण, आत कोण

हिंजवडी सगळे पुण्यातच धरतात, पण आमची तहसील कचेरी पौडला. मुळशी तालुक्यातल्या या आयटी पार्कात, माणच्या बाजूच्या फेज तीनमधल्या एका कंपनीत मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सकाळी कंपनीच्या बसगाड्या रिकाम्या झाल्या की गेटवर नुसता खटखटाट. गळ्यातलं कार्ड रीडरला टेकवायचं, हिरवा दिवा लागला की आत.

या कार्डात बॅटरी नसते, हे मी भल्याभल्या इंजिनिअरांना सांगितलंय. आत एक चिप आणि तिच्याभोवती तारेचं बारीक वेटोळं. रीडरजवळ गेलं की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते. जुनी 125 किलोहर्ट्झची साधी कार्डं बिचारी येईल त्या रीडरला आपला नंबर सांगून मोकळी व्हायची, त्यामुळे नक्कल करणं सोपं. मग 13.56 मेगाहर्ट्झची आली. त्यातल्या एका भरपूर खपलेल्या चिपचं कुलूपही नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2008 मध्ये उघडून दाखवलं. तरी करोनात अंगठ्याची मशीनं बंद झाली तेव्हा कार्डानेच हात दिला.

नक्कल करणारा चोर मला अजून भेटलेला नाही. आमची डोकेदुखी म्हणजे सभ्य माणसं. एक जण कार्ड टेकवतो आणि मागच्या तिघांसाठी दार धरून उभा राहतो. अडवलं की, ‘काका, रोज बघता ना मला!’ बघतो हो, पण सिस्टिम कुठे बघते?

गेल्या वर्षीच्या मॉक ड्रिलला हे नीट कळलं. अलार्म वाजला की दारांची चुंबकी कुलपं आपोआप सुटतात; सुटायलाच हवीत, नाहीतर सुरक्षेसाठी लावलेलं दारच जीव घ्यायचं. सगळे मैदानात जमले. आत कोण कोण होतं याची यादी काढून मी नावं पुकारली. यादी संपली तरी कडेला हाउसकीपिंगच्या मावश्या उभ्याच. एकीच्या हातात पोछा तसाच होता. ठेकेदाराचा मुकादम मागच्या गेटला आपलं एकच कार्ड टेकवायचा आणि सगळ्यांना आत घ्यायचा. सिस्टिमच्या लेखी त्या इमारतीत आल्याच नव्हत्या. खरी आग असती, तर त्यांना शोधायला आत कुणाला पाठवलं असतं?

साहेब हसले. मला हसू येईना. 7 जून 2021 ला आमच्याच तालुक्यात, पिरंगुटजवळ उरवड्याला केमिकल कारखान्याला आग लागली. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या आणि ओळख पटवायला डीएनए तपासणीची वेळ आली. साहेबांना तेवढंच सांगितलं. ठेकेदार म्हणाला, कार्डाचा खर्च कोण करणार? कंपनीने केला.

फोटो काढायच्या दिवशी मावश्या नटून आल्या. ‘दादा, मंगळसूत्र दिसू द्या बरं का,’ एकीने बजावलं. दुसऱ्या दिवसापासून एकेक कार्ड, एकेक माणूस. मुकादम आठवडाभर कुरकुरला, रांग लांबते म्हणून.

महिना भरला तशी त्यांतलीच एक मावशी माझ्या टेबलाशी आली. पगारात दोन खाडे धरले होते. ‘दादा, मी आले-गेले ते या कार्डात असतं ना? मग मी त्या दिवशी आले नव्हते असं ठेकेदार कसं म्हणतो?’

एचआरला विचारून मी तिच्या नोंदी छापून दिल्या. दोन्ही दिवशी सकाळी सातच्या आत आलेली, संध्याकाळी गेलेली. ठेकेदाराने पैसे दिले. पुढच्या महिन्यात कागद मागायला चौघी आल्या.