मामलेदारापर्यंतची वाट

हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, आजऱ्याच्या झाडीतून खाली उतरते, गडहिंग्लजला वळसा घालते आणि संकेश्वराकडे निघून जाते. एवढ्यात तीन जिल्हे आणि दोन राज्यं ओलांडून होतात. पावसाचंही तसंच. आंबोलीला कोसळणारा पाऊस गडहिंग्लजला येईतो अर्ध्याहूनही कमी उरतो. पश्चिमेला भाताची खाचरं. पूर्वेला नूल, हलकर्णी, बसर्गे, तेरणीकडे काळी रानं, ज्वारी, भुईमूग आणि मिरची. त्या गावांत घरात कानडी आणि कचेरीत मराठी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि बाजारात दोन्ही भाषा एकाच दमात चालतात. नकाशावरची राज्याची रेघ त्यांच्या सोयरिकींच्या मधून गेलेली आहे.

गडहिंग्लजचं कोल्हापूरशी नातंही असंच रेघा ओलांडून आहे. संकेश्वर-निपाणीचा महामार्ग धरला, तर आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायला शेजारच्या राज्यातून जावं लागतं. चंदगडची गोष्ट याहून अवघड. तो तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि मराठी चंदगड कोल्हापूरला जोडलं गेलं. भाषेच्या न्यायाने ते योग्यच झालं. पण बेळगाव जवळ होतं, कोल्हापूर लांब. त्या लांबीला मध्ये टेकू दिला तो गडहिंग्लजने. प्रांत कचेरी, कोर्ट, उपजिल्हा रुग्णालय, कॉलेज, बाजार समिती. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरच्या आधी लागणारं सरकार ते हेच.

गडहिंग्लजकडे पाहताना मला सामानगडाची आठवण होते. तालुक्यातलाच किल्ला, गावापासून फार लांब नाही. 1844 साली कोल्हापूर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या पाठबळावर दाजी कृष्ण पंडित पाहत होते. किल्ल्यांची राखण करणाऱ्या गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या जमिनी होत्या. त्या मामलेदारांच्या देखरेखीखाली आणायचं ठरलं, आणि सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरलं. ते मोडायला इंग्रजी फौज आणावी लागली; मग गडकऱ्यांची पद्धतच संपली. हे बंड इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरतं येतं, पण मला ते फार मोठं वाटतं. जमिनीची नोंद कोणाच्या दप्तरात राहणार, एवढ्या प्रश्नासाठी माणसं तोफांसमोर उभी राहिली. त्यांना नवं दप्तर आपलं वाटलं नाही, कारण ते गडावरून दिसत नव्हतं.

आज त्याच गडाच्या पायथ्याची गावं सातबाऱ्यासाठी, फेरफारासाठी, वारसनोंदीसाठी त्याच मामलेदाराच्या वारसाकडे, म्हणजे तहसीलदाराकडे, एसटीने येतात. सकाळच्या गाड्या स्टँडवर लागल्या की हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद जपून धरलेली म्हातारी माणसं उतरतात. ही माणसं मला गडकऱ्यांपेक्षा कमी धीराची वाटत नाहीत. बापाच्या नावावरचे वीस गुंठे आपल्या नावावर यावेत म्हणून एकाच टेबलासमोर पुन्हा पुन्हा उभं राहायला जिवट चिकाटी लागते.

पाण्याचा कारभारही कागदांनीच चालतो. चित्री धरणातून आवर्तन सुटलं की हिरण्यकेशीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत ते अडवायचं, बरगे कधी घालायचे, कधी काढायचे, उपसाबंदी किती दिवस, हे सगळं कागदावर ठरतं. उन्हाळ्यात नदीकाठच्या उसाला ते कागद पावसाइतकेच मोलाचे.

पावसाळ्यात मात्र नदी स्वतःच हद्द आखते. भडगावच्या पुलावर पाणी आलं की चंदगडचा रस्ता तुटतो आणि नेसरी, महागाव एकदम दूर जातात. नव्या उपविभागांची, नव्या तालुक्यांची चर्चा निघते तेव्हा लोकसंख्या आणि महसूल मांडला जातो. त्या कागदावर भडगावचा पूल कुठे असतो? पारगडाकडून निघालेल्या माणसाने आधी चंदगड गाठायचं, मग नेसरी ओलांडायची, मग भडगाव, आणि अकराच्या सुनावणीला प्रांतांसमोर उभं राहायचं. पहिली एसटी चुकली किंवा पूल बुडाला, तर पुकारा होतो, त्याचा वकील तारीख मागतो, आणि पुढच्या महिन्यात हाच प्रवास पुन्हा करावा लागतो.