प्रगणकाची वही आणि दादाचा मृगबहार

2027 च्या जनगणनेच्या बातम्या वाचल्या आणि खाप्याचा दादा आठवला.

फेब्रुवारी 2011. आम्हा शिक्षकांना जनगणनेची ड्यूटी लागली होती. नागपुरातल्या माझ्याच भागात एका इमारतीच्या चौकीदाराच्या खोलीत दादा (माझा चुलतभाऊ) राहत होता. चहा झाला आणि मी फॉर्म काढला. आधीचं गाव? खापा. गाव सोडण्याचं कारण?

"लिव्ह नं बाप्पा, कामासाठी."

मी लिहिलं. काम/रोजगार.

आता खरी गोष्ट. कन्हानच्या काठी आमची संत्र्याची बाग. मृगबहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. मग जूनचा पाऊस पडला की फूल येतं. सगळा डाव त्या एका पावसावर! 2009 चा जून कोरडा गेला. ताण लांबला, फूल आलंच नाही. त्याआधीचे दोन हंगामही हातचे गेले होते. निव्वळ हवामानानं त्याला हाकललं असं मी म्हणणार नाही. बोअर आटली होती, कर्ज होतं, धाकट्याची फी होती. पण फूल आलं असतं तर तो हललाच नसता, एवढं मला ठाऊक आहे.

1991 च्या जनगणनेत कारणांच्या यादीत 'नैसर्गिक आपत्ती' होतं. 2001 ला ते काढून टाकलं. 2011 लाही नव्हतं; सात पर्याय, शेवटचा 'इतर'. 2008 च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्यात आठ अभियानं आहेत. पाणी, शेती, सौरऊर्जा, हिमालयसुद्धा. गाव सोडणाऱ्या माणसासाठी वेगळं एकही नाही. असणार कसं? सरकारच्या वहीत दादा नोकरीसाठी आला आहे. ती वही मीच भरलीय.

बरं, आपत्ती म्हणजे तरी काय? पूर आला तर पंचनामा होतो. न आलेल्या फुलाचा कोण करणार?

या रविवारी दादाला फोन करून विचारलं, "तेव्हा मी 'इतर' लिहायला हवं होतं का रे?"

"काऊन? इतर म्हणजे का?" म्हणाला. मग थोडं थांबून, "औंदा आपल्याकडं मृग फुटला का गं?"

बाग विकून कैक वर्षं झालीत.