खर्च कुणाचा, फायदा कुणाचा?

मंडळी, गिरगावच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना 'घरमालक दुरुस्ती करत नाही' हे वाक्य पाठच असेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. तेवढ्या भाड्यात जिना दुरुस्त करणं मालकाला परवडेना आणि दुसऱ्याच्या इमारतीवर भाडेकरू पैसे घालेना. चाळी खचत गेल्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून सरकारला दुरुस्ती मंडळ स्थापावं लागलं.

वेलिंग्टनमधल्या आमच्या ऑफिसचं लीज संपत आलं, तेव्हा मला हेच आठवलं. इमारत जुनी. जुलैत सदर्ली वारा सुटला की खिडकीशी बसणारे जॅकेट घालून आणि मधले घामाघूम! बिल आम्ही भरायचं, पण हीटिंगची यंत्रणा मालकाची. 'तू आकडेवाला, तूच बोल,' म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मालकाचा प्रश्न सरळ होता. "बिल तुमचं वाचणार, मग खर्च मी का करू?" त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. म्हणून पर्यावरणावर प्रवचन न देता मी मीटरचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे त्याच्यापुढे ठेवले. रविवारी पहाटे, रिकाम्या इमारतीत, हीटिंग जोरात चालू! टायमर बदलायला एक पैसाही लागणार नव्हता. तो हसला आणि मग ऐकू लागला.

इथे २०१३ पासून 'नेबर्स एनझेड' हे मानांकन आहे. बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वीज-गॅस वापरावरून ऑफिसच्या इमारतीला शून्य ते सहा तारे मिळतात. लिफ्ट, सामाईक दिवे, मध्यवर्ती हीटिंग हा मालकाचा हिस्सा वेगळा मोजता येतो. उद्या दुसरा मोठा भाडेकरू आला, तर तो हे तारे विचारणार, हे मालकाला लगेच पटलं. शिवाय मॅनर्स स्ट्रीटवरचं उदाहरण होतंच. तिथल्या जुन्या सिनेमागृहांचं रूपांतर करून २००६ मध्ये डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनचं पर्यावरणपूरक ऑफिस उभं राहिलं. म्हणजे जुनी इमारत पाडायलाच हवी असं नाही.

आम्ही सहा वर्षं राहण्याची हमी दिली. त्यानं एलईडी दिवे आणि नवे टायमर कबूल केले. दर तिमाहीला दोघांनी बसून आकडे पाहायचे, हेही करारात आलं. याला इथे 'ग्रीन लीज' म्हणतात. दुहेरी काचांना त्यानं साफ नकार दिला. गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप लावण्याबद्दल "बघू" म्हणाला. 'बघू'चा अर्थ आपल्याला चांगलाच ठाऊक! म्हणून 'बॉयलर बदलायची वेळ आली की आधी हीट पंपाचा विचार होईल' असं कलम आम्ही घालून घेतलं.

आपल्यापैकी कितीतरी जणांची डेअरी, रेस्टॉरंट किंवा क्लिनिक भाड्याच्या जागेत आहे. नूतनीकरणाच्या आधी वर्षभराची बिलं काढून बसा. भाडेकरूच्या शब्दाला सही करण्यापूर्वी जे वजन असतं, ते नंतर राहत नाही.