पुस्तकाचे भांडवल : बोथच्या गुरुजींना पत्र




आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ परिसरातील जात्यावरच्या ओव्यांच्या वह्यांचे पुस्तक करावयाचे झाल्यास किती पैसा आणि किती काळ लागेल, हा गुरुजींच्या पत्रातील प्रश्न वरवर हिशेबाचा दिसत असला, तरी त्याचे पुरे उत्तर छापखान्याच्या दरपत्रकात मिळत नाही. कारण मजकूर सिद्ध होईपर्यंत संग्राहकाने घातलेली वर्षे आणि प्रती खपेपर्यंत अडकून पडणारी रक्कम या दोन्ही गोष्टी त्या दरपत्रकात कोणी लिहीत नाही. पुस्तकाचे खरे भांडवल मात्र त्यांतच गुंतलेले असते.

आदिलाबाद जिल्ह्यापुरते पाहिले तरी हे दिसून येते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकाच्या आरंभी या जिल्ह्यातील राजगोंडांमध्ये राहून अभ्यास सुरू केला. त्याचा पुराणकथा व विधींवरील ग्रंथ लंडनहून 1948 मध्ये निघाला आणि आंध्र प्रदेशातील गोंडांवरचा दुसरा मोठा ग्रंथ वाचकांच्या हाती पडण्यास 1979 उजाडले. मराठवाड्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना गोंडी भाषा आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या दोघांचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु एक निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार होता आणि दुसरे त्याच राज्यातील अधिकारी, म्हणजे दोघांच्याही वेळेचा काही भार तरी सरकारी पगाराने उचललेला होता, ही गोष्ट त्यांच्या ग्रंथांची वाखाणणी करताना सहसा ध्यानात घेतली जात नाही. शाळा सांभाळून सुटीच्या दिवशी गावोगाव फिरणाऱ्या शिक्षकाच्या वेळेचे पैसे कोणीच देत नाही, आणि म्हणून आपल्या पुस्तकाचा पहिला व सर्वांत मोठा भांडवलदार तो स्वतःच ठरतो.

हे भांडवल वाचकांकडूनच उभे करण्याचा मराठीतील सर्वांत धाडसी प्रयत्न डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा होय. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेल्या केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ ही भागभांडवलाची कंपनी काढली, म्हणजे ग्रंथाच्या खर्चाची जोखीम अनेक भागधारकांत वाटून टाकली. शिवाय खंड बाहेर पडण्यापूर्वीच वर्गणीदार मिळविण्यासाठी स्वतः गावोगाव हिंडून ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे केले. या खटाटोपाचा वृत्तांत त्यांनी पुढे ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहिला, आणि पुस्तक काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ज्ञानकोशापेक्षाही आधी तो वृत्तांत वाचावा, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. एवढे करूनही केतकरांचे उत्तरायुष्य पैशाच्या ओढाताणीतच गेले. मागाहून त्यांच्या नावाचे गोडवे गाणाऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या हयातीत हिशेब मात्र फारसा चुकता केला नाही.

आता छपाईकडे वळावयाचे, तर छापखान्याच्या भाषेत ‘फॉर्म’ म्हणजे एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातल्यावर होणारी 16 पृष्ठे. डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच अशा 160 पृष्ठांच्या पुस्तकाचे 10 फॉर्म होतात. 500 प्रतींना 5000 कागद, अर्थात 10 रीम लागतात आणि 70 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे वजन मुखपृष्ठ वगळता 94 किलोच्या आसपास जाते. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, परंतु कागदावर तो भरावा लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे भरलेला कर वजा करून घेता येत नाही, तेव्हा तो मुकाट्याने खर्चातच मुरतो. ऑफसेट छपाईत प्लेटा आणि यंत्राची जुळवणी यांचा खर्च 100 प्रतींना जेवढा, तेवढाच 1000 प्रतींना येतो, म्हणून छापखानेवाला अधिक प्रतींचा आग्रह धरतो. डिजिटल छपाईत प्लेट नसते, एका प्रतीचा खर्च जास्त पडतो, पण हव्या तेवढ्याच प्रती काढता येतात.

समजा, 500 प्रती प्रत्येकी 80 रुपये दराने छापून 40000 रुपये लागले, किंमत 200 रुपये ठेवली आणि विक्रेत्याला 35 टक्के सूट दिली, तर एका प्रतीमागे 130 रुपये हाती येतात आणि मुद्दल सुटण्यासाठी 308 प्रती विकाव्या लागतात. याउलट 200 प्रती डिजिटल पद्धतीने प्रत्येकी 110 रुपयांत, म्हणजे एकूण 22000 रुपयांत काढून 150 रुपये या प्रकाशनपूर्व सवलतीच्या किमतीला थेट वाचकांना दिल्या, तर 147 प्रतींतच खर्च भरून निघतो. प्रत महाग पडते हे खरे, परंतु बोथमध्ये मराठी पुस्तक उधारीवर ठेवणारे दुकान शोधत बसण्यापेक्षा आणि न खपलेले गठ्ठे शाळेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा हा महागपणा पत्करलेला बरा.

सीमेवरील लेखकाला आणखी एक खर्च सोसावा लागतो, तो म्हणजे भाषेचा. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो महाराष्ट्रात गेला, बोथ आदिलाबाद जिल्ह्यातच राहिले आणि मराठी वाचक दोन्हीकडे विखुरले. जवळपासचा अक्षरजुळणी करणारा तेलुगूत तरबेज असला, तरी मराठी रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे त्याच्याकडून चुकण्याचा संभव अधिक. त्यातून जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या संकेतप्रणालीत नेताना नव्या चुका उद्भवतात. ओवीत एक मात्रा हलली की ओवीच बिघडते. म्हणून मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी कच्च्या प्रतीतील चुका दुरुस्त करणे, तीन वेळा व्हावे आणि त्यांपैकी एकदा तरी ती ओवी गाणाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावी. यासाठी लागणारे काही महिने टाळता येण्याजोगे नाहीत.

कायदेशीर बाबी त्या मानाने सोप्या आहेत. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा 13 अंकी क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून 30 दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवावयाची असते. दुसऱ्या प्रकाशकाशी करार करावयाचा झाल्यास मुदत लिहिलेली आहे की नाही ते पाहावे, कारण मुदत न लिहिलेले हक्कांचे हस्तांतर 1957 च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांचे धरले जाते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते; त्याच्या अटी आधी वाचाव्यात, मात्र त्या आशेवर काम थांबवू नये.

गुरुजींनी प्रथम निवडक ओव्यांचा 16 पृष्ठांचा एकच फॉर्म नमुना म्हणून काढावा, तो आदिलाबाद, किनवट व हैदराबाद येथील ओळखीच्या मराठी मंडळींना दाखवून पुस्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची नावे, प्रतींची संख्या आणि शक्य तेथे रक्कम नोंदवून घ्यावी, आणि 150 नावे झाल्याखेरीज छापखान्याला 200 प्रतींचे आगाऊ पैसे देऊ नयेत. नावे कमी पडली तर 100 च प्रती काढाव्यात. अक्षरजुळणी जपून ठेवलेली असली, म्हणजे मागणी येईल तशा उरलेल्या प्रती पुढेही छापता येतात.