आजोबांचा कोट

आमच्या विवाहास चाळीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने मुलांनी आम्हां उभयतांस मुंबईच्या फोर्ट भागातील एका जुन्या भोजनगृहात रात्रीच्या जेवणास पाठविण्याचा बेत केला. जाताना काय घालावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आजींची पैठणी पेटीत नुसती पडून आहे. आज मी ती नेसते. तुम्ही आजोबांचा कोट घाला." पैठणीस आमची हरकत नव्हती, परंतु कोटाचे नाव निघताच आम्ही गप्प झालो. त्याचे कारण पुढे येईलच.

पत्र्याची पेटी उघडली. पैठणी मऊ धोतरात गुंडाळलेली होती व भोवती कडुनिंबाचा वाळलेला पाला होता. जरीला डांबराच्या गोळ्यांचा स्पर्श होऊ देऊ नये आणि वर्षातून एकदोनदा घडी उलगडून निराळ्या जागी घालावी, नाहीतर रेशीम घडीवर चिरते, असा आजींचा दंडक असे. पैठणीचा विशेष तिच्या पदरात आहे. तो विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून घेऊन शेजारच्या धाग्यात गुंतवितात. त्यामुळे पाठीमागे धागे लोंबत नाहीत व पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

कोट काळ्या अल्पाकाचा, बंद गळ्याचा व गुडघ्यापर्यंत लांब. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या डोंगरांत पाळला जाणारा प्राणी. त्याच्या लोकरीचे चकचकीत कापड इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे टायटस सॉल्ट यांनी १८३० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. हलके व टिकाऊ म्हणून ते आपल्याकडील शिक्षक, कारकून व वकील यांच्या अंगावर आले. आमचे आजोबा शिक्षक होते. हा कोट त्यांनी १९३८ साली शिवविला व निवृत्त होईपर्यंत तोच वापरला. आम्ही तो उलटा करून पाहिला. बाहेरून कोठे डाग नाही. आत अस्तराला मात्र सात ठिगळे! एक छत्रीच्या कापडाचे, एक आजींच्या जुन्या लुगड्याचे, बाकीची कशाकशाची. टाके इतके बारीक, की ते बोटांना कळावेत, डोळ्यांना दिसू नयेत. चार मुलांची फी ज्या पगारातून भरली गेली, त्यातून नवा कोट निघणे शक्यच नव्हते.

आता आमच्या गप्प होण्याचे कारण सांगतो. १९७४ साली आम्ही सातव्या इयत्तेत असता निबंधाचे पहिले बक्षीस मिळाले. वडिलांना रजा न मिळाल्यामुळे समारंभास आजोबा आले. धोतर, काळी टोपी आणि हाच कोट! इतर मुलांचे वडील बुशशर्ट व पाटलोण घालून बसलेले. आमच्या शेजारच्या मुलाने हळूच विचारले, "ते कोण रे?" रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आज्ञा ऐकणारे आम्ही, आम्ही उत्तर दिले, "आमच्या चाळीतले एक गृहस्थ आहेत."

आजोबा मागेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. परत जाताना त्यांनी आम्हांस उसाचा रस पाजला आणि बक्षिसाचे पुस्तक स्वतःच्या काखेत धरून घरापर्यंत आणले. मात्र त्यानंतर ते आमच्या शाळेत कधीही आले नाहीत. पाच वर्षांनी ते वारले. क्षमा मागण्याचे आमच्या मनात पुष्कळदा येई. तोंडात कधी आले नाही.

असो. फोर्टास जुने लोक 'कोट' म्हणत. तेव्हा त्या संध्याकाळी आम्ही कोट घालून कोटात उतरलो! टॅक्सीवाल्याने "नाटकात काम करता काय?" असे विचारले. पदपथावर दोन तरुणांनी आमचे छायाचित्र घेतले. भोजनगृहात संगमरवरी टेबलाशी बसलो, तो ध्यानात आले की या कोटात पाठ वाकवून बसताच येत नाही. सौभाग्यवतीही नऊवारी सावरून ताठ बसल्या होत्या. रश्श्याचा थेंब उडू नये म्हणून आम्ही दोघेही सावकाश जेवत होतो. आणि सावकाश जेवल्यामुळे बोलणेही पुष्कळ दिवसांनी निवांत झाले.

पाणी वाढावयास आलेला मुलगा कोटाकडे पाहून म्हणाला, "साहेब, फार छान आहे. कोणाचा हो?"

पन्नास वर्षांपूर्वीचाच प्रश्न! आम्ही म्हणालो, "आमच्या आजोबांचा." आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरील मंडळींनी वळून पाहिले.

सौभाग्यवती हलकेच म्हणाल्या, "आजी सांगत, पुरुषांची पाने उठल्यावर बायका बसायच्या. त्या कधी आजोबांच्या पंक्तीला जेवल्या नाहीत. आज त्यांची पैठणी आणि त्यांचा कोट समोरासमोर जेवताहेत हो." यावर आमच्याने काही बोलवले नाही.

घरी येऊन कोट काढला, तो एका ठिगळाचा टाका उसवलेला दिसला. तो आम्ही आपल्या हाताने घातला. आजींच्या टाक्यांसारखा तो काही जमला नाही. बोटांना कळतो आणि डोळ्यांनाही दिसतो.

पैठणी आतबाहेर एकसारखी. कोट बाहेरून नीटनेटका व आतून ठिगळांचा. परंतु त्या ठिगळांनी एका घराची अब्रू राखली. सातव्या इयत्तेतील आम्ही मात्र बाहेरून इस्त्रीचे आणि आतून फाटके होतो. विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या बक्षीस समारंभास तुमच्याही घरचे कोणी जुना कोट किंवा विटलेले लुगडे नेसून येईल, आणि शेजारचा मुलगा "ते कोण?" असे विचारील. त्याला तेथल्या तेथे खरे उत्तर द्या. आम्हांस त्यासाठी पन्नास वर्षे लागली, आणि ज्यांनी ते ऐकावयाचे, ते ऐकावयास उरले नव्हते.