लंडनच्या नाट्यगृहांत गीतेचे श्लोक

लंडन शहरांत ट्राफल्गार चौकापासून उत्तरेकडे सेंट मार्टिन्स लेन नांवाचा बेताच्या रुंदीचा एक रस्ता जातो. त्या रस्त्यावर कोलिसियम नांवाचें प्रशस्त नाट्यगृह सन १९०४ पासून उभें आहे. माथ्यावर पृथ्वीचा गोल, आंत दोन हजारांहून अधिक आसनें, आणि सोनेरी नक्षीची इतकी रेलचेल कीं, आमच्यासारख्या मास्तरास कोठें पाहावें हें कळूं नये. येथें इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही संस्था संगीत नाटकें करीत आली आहे. नाटक मूळ इटालियन असो कीं जर्मन, तें इंग्रजींत उतरवूनच गावयाचें, म्हणजे समोरच्या माणसास तें समजेल, असा या संस्थेचा जुना दंडक. ज्ञानेश्वर महाराजांच्या देशांतून आलेल्या मनुष्यास हा दंडक पटवून देण्याचें कारण नाहीं. परंतु सन २०१८ च्या फेब्रुवारींत मुलाकडे राहावयास गेलों असतां सूनबाईंनीं ज्या नाटकाचीं तिकिटें काढून ठेविलीं होतीं, तें या दंडकास अपवाद होतें. त्याचें नांव ‘सत्याग्रह’. आणि त्यांतील गायिलेला प्रत्येक शब्द भगवद्गीतेंतील, मूळ संस्कृतांतला.

रचनाकार फिलिप ग्लास हे अमेरिकन गृहस्थ; जन्म बाल्टिमोर येथें, सन १९३७ चा. पॅरिसमध्यें शिकत असतां एका चित्रपटाच्या निमित्तानें पंडित रविशंकरांचें संगीत पाश्चात्त्य लिपींत उतरवून घेण्याचें काम त्यांजकडे आलें. उस्ताद अल्लारखांच्या तबल्याचाहि तेथेंच सहवास घडला, आणि तालाचा एक नवाच विचार त्यांस सांपडला. पुढें न्यूयॉर्कास कित्येक वर्षें त्यांनीं टॅक्सी हांकून पोट भरलें. ‘सत्याग्रह’ हें नाटक रॉटरडॅम शहरानें त्यांच्याकडून लिहवून घेतलें व तें तेथेंच ५ सप्टेंबर १९८० रोजीं प्रथम झालें. विषय गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेंतील वास्तव्याचा, म्हणजे सन १८९३ ते १९१४ या काळाचा.

नाटकापूर्वीं वेळ हाताशीं होता, म्हणून चौक ओलांडून नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यूपर्यंत चालत गेलों. सन १८८८ मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, मोहनदास गांधी विलायतेस आले ते प्रथम याच रस्त्यावरील व्हिक्टोरिया हॉटेलांत उतरले होते. याच शहरांत दोघां थिऑसफिस्ट बंधूंच्या संगतीनें त्यांनीं गीता पहिल्यानें वाचली, आणि तीहि एडविन आर्नोल्ड यांच्या इंग्रजी पद्यांत. मूळ आपण वाचलें नाहीं याची त्यांस लाज वाटली, असें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहिलें आहे. हे आर्नोल्डसाहेब सन १८५७ च्या धामधुमींत आपल्या पुण्यासच सरकारी संस्कृत कॉलेजाचे प्रमुख होते, हें आज किती पुणेकरांस ठाऊक असेल, देव जाणे! असो.

पडदा उघडला तेव्हां रंगभूमीवर कुरुक्षेत्र होतें, आणि त्यांत तरुण बॅरिस्टर गांधी. सेलोच्या मंद साथीवर एकट्याचा आवाज उठला, आणि पहिल्या अध्यायांतील विषाद सुरू झाला. प्रथम माझे कान मास्तराचेच राहिले. भकाराचा बकार, टकार-तकार एक, र्‍हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाहीं! एकेक अक्षर इतकें ताणलेलें कीं, अनुष्टुभाचें पाऊल कोठें पडतें तें शोधूनहि सांपडूं नये. आमच्या शाळेंत असें म्हटलें असतें तर बाकावर उभें राहावें लागलें असतें.

परंतु हळूहळू निराळेंच कांहीं ऐकूं येऊं लागलें. वाद्यवृंदांत केवळ तंतुवाद्यें, लांकडी फुंकवाद्यें व एक ऑर्गन. पितळी कर्णे नाहींत, नगारे नाहींत. एक लहानसा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो. मग त्यांत एखादा स्वर वाढतो, एखादा गळतो. वेदपाठी ब्राह्मणांचा क्रमपाठ ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस शब्द मागें-पुढें होत जाण्याची ही चाल अगदींच परकी वाटणार नाहीं. ही तुलना माझी आहे, ग्लास यांची नव्हे.

प्रसंग मात्र डोळ्यांनींच समजून घ्यावयाचे. सन १८९७ मध्यें डर्बन येथें गोर्‍या जमावानें गांधीजींस घेरलें असतां पोलिस अधिकार्‍याच्या पत्नीनें छत्री उघडून त्यांस वांचविलें, तो एक. सन १९०८ मध्यें नोंदणीचे दाखले जाळले, तो दुसरा. आणि सन १९१३ चा खाणकामगारांचा मोर्चा. गाणारा तोंडानें गीता म्हणतो, कृति आफ्रिकेंतली करितो. भाषांतराच्या ओळी समोर येत नाहींत. निवडक कांहीं वाक्यें तेवढीं रंगभूमीवर उमटतात. शब्द समजले नाहींत म्हणजे श्रोता ते सोडून देईल व अर्थ संगीतांतून आणि दृश्यांतून घेईल, असा ग्लास यांचा हेतु.

ज्ञानेश्वरांनीं जें केलें त्याच्या हें बरोबर उलट! गीता सामान्य जनांस कळावी म्हणून त्यांनीं ती मराठींत आणिली. विनोबांची ‘गीताई’ त्याच वाटेची. ग्लास यांनीं ती कळूं नये म्हणून संस्कृतांत ठेविली. मला हें पटलें नाहीं. अर्थावांचून पठण हें ओझें वाहणें आहे, असें मी चाळीस वर्षें मुलांस सांगत आलों. पण आमच्या आजी पंधरावा अध्याय म्हणत, त्यांस एका पदाचाहि अन्वय सांगतां आला नसता; आणि त्यांच्या पठणास ओझें म्हणण्याची माझी आजहि छाती नाहीं.

शेवटच्या अंकांत मार्टिन ल्यूथर किंग उंचावर, प्रेक्षकांकडे पाठ करून, मुक्यानें भाषण करीत असतात. खालीं एकटे गांधीजी चौथ्या अध्यायांतील पांच ते आठ हे श्लोक गातात. चाल म्हणजे केवळ आठ स्वरांचा आरोह, पुन्हा पुन्हा तोच. कोमल ऋषभ, कोमल गांधार, कोमल धैवत, कोमल निषाद: हे तर भैरवी थाटाचे स्वर! राग नव्हे, परंतु आपल्या मैफलीची अखेर ज्या स्वरांत होते, तेच. उच्चारांच्या चुका मोजण्याचें मी केव्हां थांबविलें, तें ध्यानांत राहिलें नाहीं.

जिन्यावर शेजारच्या आसनावरील एका वृद्ध इंग्रज बाईंनीं त्या अखेरच्या शब्दांचा अर्थ विचारला. जमेल तसा सांगितला: धर्मास ग्लानि येते तेव्हां तेव्हां मी जन्म घेतों, इत्यादि. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “मग तो वर पाठमोरा उभा होता, तोच का?” मी म्हटलें, “श्लोकांत नांव दिलेलें नाहीं.” त्यांनीं आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीनें अध्यायाचा व श्लोकांचा आंकडा टिपून घेतला. सूनबाई खालीं दाराशीं कोट घेऊन उभ्या होत्या, आणि बाहेर थंडी कडाक्याची होती.